न आलेल्या बदकांची गणती

तोर्डिस पहिल्यांदा खोटं बोलली ती मे महिन्यातल्या एका सकाळी. आणि बोलली कुणाशी, तर सासूशी! पेट्रीनाशी खोटं बोलायची हिंमत ग्रोव्हेर बेटावर कुणाचीच नव्हती, तिच्या नवऱ्यानेसुद्धा मरेपर्यंत ती केली नव्हती.

"किती बाया आल्या?" आतल्या खोलीतून पेट्रीनाने विचारलं.

"येताहेत, आई. कालच्यापेक्षा आज जास्त आहेत."

"येताहेत म्हणजे काय गं? मी आकडा विचारतेय, हवापाणी नाही."

"अहो, पायात घोटाळतात सगळ्या, मोजू कशी? धक्क्याकडची घरं तर भरत आलीत."

भरत कुठली आलीत! अर्ध्याहून जास्त घरं ओस पडली होती. तोर्डिस चुलीपाशी उभी राहून बटाटे सोलत होती.

ग्रोव्हेरवर माणसांची घरं दोनच, त्यातल्या एकाला कुलूप. बदकांची घरं मात्र बेटभर. चपटे दगड रचायचे, वर जुन्या होडीच्या फळ्या टाकायच्या, आत वाळवलेल्या समुद्रगवताचं अंथरूण घालायचं. मे लागला की आयडर बदकांच्या माद्या समुद्रातून चालत वर येतात, आपापलं घर बरोबर शोधतात आणि अंडी घालून बसतात. बसल्या की छातीवरची लव स्वतःच्या चोचीने उपटून अंड्यांभोवती लावतात. पिल्लं घेऊन बाई समुद्रात गेली की ती लव आपली, रजयांत भरायला विकायची. त्या बदल्यात महिनाभर आपण कुरव पक्ष्यांना, गरुडाला, पाणमांजराला हाकलायचं. तेवढे दिवस बेटावर हातोडी वाजत नाही, कुणी मोठ्याने हाका मारत नाही, पांढरी चादर दोरीवर वाळत पडत नाही. आमच्या बेटांवर बदकांच्या मादीला कुणी बदक म्हणत नाही, बाई म्हणतात.

आणि या बायांची गणती करावी तर पेट्रीनानेच, असा सगळ्या बेटांवर तिचा दबदबा होता. तिच्या हाताखाली शिकली नाही अशी राखणदार बाई शेजारच्या बेटांवर शोधून सापडली नसती. पण गेल्या शरदात धक्क्याच्या शेवाळलेल्या दगडावर तिचा पाय घसरला, खुबा मोडला, आणि इस्पितळातून परत आली ती थेट अंथरुणावर. मार्चमध्ये तिने आपला तपकिरी घागरा आणि करडी शाल सुनेच्या अंगावर फेकली.

"घाल हे. त्या या शालीला ओळखतात, तुला नाही."

तोर्डिसला कुणी ओळखावं असं तिच्या आयुष्यात घडलंच कुठे होतं? समुद्रापासून लांब, जंगलातल्या एका खोऱ्यात तिचा जन्म झाला. आईबाप लवकर गेले. मग या शेतावर दोन वर्षं, त्या शेतावर तीन, अशी ती लोकांच्या घरी वाढली. जेवायला मिळायचं, नाही असं नाही. पण ताटावर बसलं की आपण किती खातो याकडे कुणाचं तरी लक्ष असायचं. पुढे मासे खारवायच्या कारखान्यात लागली. तिथे आयलिफ भेटला, हसरा, लांबट मानेचा, स्वतःच्या बेटाबद्दल बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. लग्न होऊन ती ग्रोव्हेरवर आली तेव्हा सगळे म्हणाले, जंगलातली पोर आहे, एक हिवाळा काढेल आणि पळेल. पळाली नाही. सासूची बोलणी खाल्ली, होडी वल्हवायला शिकली, वादळात छपराला दोर बांधायला शिकली. पण तिला खरं काही मिळालं ते या वसंतात. शाल पांघरून ती घरांमधून फिरायची तेव्हा बाया हलायच्या नाहीत, बसल्या बसल्या मान वळवून तिच्याकडे बघायच्या. हे आपलं आहे, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

आणि तेच आता जाणार होतं.

सरकारकडून देकार आला होता. बेट सोडा, मुख्य भूमीवर घर बांधायला पैसे घ्या. अट एकच, एकदा सोडलेल्या घरात पुन्हा राहायचं नाही, कायमचं. आसपासच्या बेटांवरच्या कितीतरी घरांनी हो म्हटलं होतं. ग्रोव्हेरचं उत्तर घ्यायला कचेरीतला माणूस योन्सोकला, म्हणजे जूनमधल्या होळीच्या दिवशी येणार होता. आयलिफ उत्तरेला मासेमारीवर जायच्या आधी तिघं टेबलाशी बसली होती. म्हणजे पेट्रीना खाटेवर, दार उघडं ठेवून.

"डॉक्टर चार तासांवर, आई," आयलिफ म्हणाला. "त्या रात्री तू होडीत कशी ओरडत होतीस, ते मी विसरलेलो नाही."

"मी ओरडेन नाहीतर गाईन. बाया असतील तर आपण इथे. बायाच मेल्या तर मग दगडांची राखण करत बसायचं का? तू परत आलास की मी आकडा सांगेन. त्या आकड्यावर ठरव."

आयलिफला ते पटलं. आईच्या आकड्यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. तोर्डिसला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही तोंड उघडलं नाही.

म्हणून तर ती खोटं बोलली. उशिरा येतील, चार दिवसांनी येतील, तोवर सासूला कशाला कळायला हवं, असं मनाला समजावत राहिली. चार दिवसांचे आठ झाले. मे संपला. वाकडीचं घर दाराशीच होतं. जाळ्यात अडकून तिची वरची चोच कधीतरी मुरडली होती, म्हणून ती वाकडी. गेली तीन वर्षं ती सगळ्यांत आधी यायची. यंदा तिचं अंथरूण तोर्डिसने घातलं तसंच होतं, त्यावर पायाचा ठसासुद्धा नाही.

आमच्याकडे याचा अर्थ एकच लावतात. बाई जिवंत असेपर्यंत घर सोडत नाही, तेव्हा आली नाही ती मेली. आणि मेलेलीचं घर उभं ठेवायचं नाही. योन्सोकच्या आधी रिकाम्या घराचे दगड काढून दुसऱ्या घरांना लावायचे आणि फळ्या त्या संध्याकाळच्या होळीत टाकायच्या. प्रत्येक बेटावर हीच रीत. किती फळ्या जळाल्या यावरून किती बाया गेल्या ते कळतं.

जूनच्या मध्यावर बाया पिल्लं घेऊन समुद्रात उतरल्या आणि तोर्डिसने लव गोळा केली. लव साफ करायचं काम पेट्रीनाचं. तारा ताणलेली चौकट मांडीवर घेऊन ती लव पिंजायची, कचरा खाली झडायचा. तोर्डिसने दोन पोती आणून खाटेपाशी ठेवली आणि ती कॉफी आणायला वळली.

"बाकीची?"

"काय?"

"बाकीची पोती गं. कुठे ठेवलीस?"

तोर्डिस पाठमोरीच उभी राहिली. "एवढीच आहेत."

मग चौकट भिंतीवर आदळली.

"महिनाभर! महिनाभर माझ्या तोंडावर खोटं बोललीस? मी इथे पडून बायांची नावं घेत होते आणि तू मला लहान पोर समजून थापा देत होतीस?"

"आई, मला वाटलं उशिरा येतील..."

"तुला वाटलं! दुसऱ्यांच्या घरी वाढलेली तू, तुला काय कळणार कशाची राखण कशी करतात ते!"

हे लागलं. पेट्रीनालाही ते कळलं असावं, कारण तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. पण शब्द काही मागे घेतले नाहीत.

"रिकामी घरं पाड," ती भिंतीला म्हणाली. "आयलिफ यायच्या आत. त्याने खरं काय ते बघू दे, आणि मग जाऊ या सगळे. माझं झालं."

तोर्डिस पहार घेऊन बाहेर आली. सुरुवात वाकडीच्या घरापासून केली, म्हणजे करायला गेली. वरची फळी काढली, खांद्यावर घेतली, आणि तिला एकदम रडूच कोसळलं. फळी तिथेच टाकून ती होडीकडे धावली. संध्याकाळच्या जेवणाला मासे हवे होते हे निमित्त. खरं म्हणजे त्या घरात तिचा जीव घुसमटत होता.

बाहेरच्या खडकापलीकडे तिने वल्ही थांबवली. पाण्यावर बदकांचा थवा तरंगत होता. सगळ्या माद्याच, आणि एकीजवळही पिल्लू नाही. डोकं खाली, शेपटी वर, शिंपल्यांसाठी बुडत होत्या. तोर्डिसने गळ सोडला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, सासूच्या ढंगात तिने हळूच हाक घातली. "ऊ-हू, ये गं बाई, ये."

थवा सरकला. एक बाई तेवढी थांबली. तिने मान वळवली आणि होडीकडे पोहत आली, अगदी वल्ह्याला लागेल इतकी जवळ.

चोच मुरडलेली होती.

"अगं बाई! तू?" तोर्डिस मोठ्याने म्हणाली. "मेलीयेस ना तू? मग इथे काय करतेस?"

वाकडी थोडा वेळ रेंगाळली, खायला काही नाही असं बघून परत गेली. गळाला सेई मासा लागून दोरी हिसके देत होती तरी तोर्डिसला भान नव्हतं. ही जिवंत आहे. अंडी गेलेली म्हणावं तर घरात तिने पाऊलही टाकलेलं नाही. म्हणजे यंदा ती बसलीच नाही!

का बसली नाही, याचा विचार तिने परतताना केला. बाई एकदा अंड्यांवर बसली की खायला उठत नाही, अंगातल्या चरबीवर दिवस काढते. आणि यंदाचा हिवाळा कसा होता? वादळांवर वादळं, खडकांवरचे शिंपले लाटांनी खरवडून नेलेले. अंगात काही नसताना बसली असती तर तिथेच मेली असती. शहाणी होती, नाही बसली.

पण एक वाकडी जिवंत म्हणजे सगळ्या जिवंत असं कसं म्हणायचं? तोर्डिस भोळी नव्हती. आयलिफ हसेल, आणि सासू तर बोलूच देणार नाही. सगळ्या बाया काही चेहऱ्याने ओळखता येत नाहीत. पण काही येतात. लंगडी होती, एका डोळ्याची होती, पंखावर पांढरा डाग असलेली होती. न आलेल्यांपैकी अशा ओळखीच्या किती, ते तिने बोटांवर मोजलं. वाकडी धरून सात. या सातजणींना शोधायचं. सातांतल्या बहुतेक सापडल्या, तर ज्यांना आपण ओळखत नाही त्यांच्यातल्याही बहुतेक असणार. सातांतली एकटी वाकडीच निघाली, तर मग सासूचं खरं.

योन्सोकला चारच दिवस उरले होते. ती रोज घरातलं काम उरकून होडी काढायची. वारा पश्चिमेचा, लाटा आडव्या, दोनदा होडीत गुडघाभर पाणी आलं. पेट्रीना तिच्याशी बोलत नव्हती. ताट आत जायचं आणि अर्धं परत यायचं. एकच प्रश्न, तोही भिंतीकडे बघून. "पाडलीस?" तोर्डिस उत्तर द्यायची नाही.

पहिल्या दिवशी कुणी दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी लंगडी दिसली, खडकावर उन्हात उभी, एक पाय दुमडून. तिसऱ्या दिवशी उत्तरेच्या खडकांमागे मोठा थवा होता, त्यात डागाची आणि एका डोळ्याची. चौथ्या दिवशी, योन्सोकच्या सकाळी, वारा एवढा होता की शहाण्या माणसाने होडी काढली नसती. तिने काढली. पाचवी सापडली. उरलेल्या दोघी नाही दिसल्या. मेल्या असतील किंवा आणखी कुठल्या खडकाआड असतील. परत आली तेव्हा तिचे हात सोलवटले होते आणि अंगावरची सासूची शाल पाण्याने जड झाली होती.

ती तशीच आत गेली.

"आई, सातांतल्या पाच जिवंत आहेत."

"कसल्या सात?"

तिने सांगितलं. सगळं, एका दमात. पेट्रीना भिंतीकडून वळली.

"पिल्लं नाहीत म्हणजे अंडी कुरवांनी खाल्ली असतील."

"घरात पायसुद्धा ठेवला नव्हता."

"दुसरीकडे बसल्या असतील."

"तुम्हीच म्हणता ना, जिवंत असेपर्यंत घर सोडत नाही?"

"तुला सगळी बदकं सारखीच दिसत असतील!"

"वाकडीची चोच मला सारखी दिसेल? माझ्या वल्ह्याला येऊन लागली ती. आई, त्या मेल्या नाहीत. यंदा बसल्या नाहीत, एवढंच. अंगात ताकद आली की बसतील. पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या."

पेट्रीना काहीतरी झणझणीत बोलणार म्हणून तोर्डिस तयार होती. पण म्हातारीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिची नजर कुठेतरी लांब गेली होती.

"मोठ्या बर्फाचं वर्ष," ती सावकाश म्हणाली. "आयलिफ पाळण्यात होता. तेव्हा अशीच घरं रिकामी राहिली होती. मी पाडली. एवढी मोठी होळी झाली की लोक लांबून बघायला आले."

"मग?"

"मग पुढच्या मेमध्ये बाया अंगणात भटकत होत्या. जिथे काही नाही तिथे येऊन उभ्या राहायच्या. गोल गोल फिरायच्या, ओरडायच्या. एक तर थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली. मी म्हटलं, या नवीन पोरी आहेत, बिनडोक, जागा शोधताहेत." तिचा आवाज चिरकला. "झाडू घेऊन हाकललं गं मी त्यांना. त्या आपल्याच घराच्या जमिनीवर उभ्या होत्या, आणि मी हाकललं."

तोर्डिस खाटेवर बसली. जिच्या रागापुढे महिनाभर जीव मुठीत धरून वावरली, ती बाई समोर ओक्साबोक्शी रडत होती.

"एक वर्ष नाही," पेट्रीना म्हणाली. "दरवर्षी. दरवर्षी मी थोडी थोडी घरं जाळली. माझ्या सासूच्या वेळी बेटावर पाय ठेवायला जागा नसायची. मला वाटायचं, समुद्रच वाईट झालाय."

धक्क्यावर इंजिनाचा आवाज आला.

आयलिफ आला, आणि कचेरीतला माणूसही आपल्या होडीने त्याच्यापाठोपाठच. माणूस भला होता, धक्क्यावरच थांबला. आयलिफ घरांमधून चालत आला, तोर्डिसने खिडकीतून पाहिलं. प्रत्येक रिकाम्या घरापाशी तो वाकून आत बघत होता, आणि दरवेळी त्याची मान थोडी आणखी खाली जात होती. आत येऊन त्याने टोपी काढली, बायकोकडे बघून कसनुसं हसला आणि आईच्या खाटेपाशी उभा राहिला.

"सांग, आई. किती उरल्या?"

आयुष्यभर ज्या बाईला हा प्रश्न विचारला की उत्तर तयार असायचं, तिने डोळे पुसले.

"मला माहीत नाही."

"काय?"

"माहीत नाही म्हणतेय, बहिरा झालास का? यंदा किती बसल्या ते सांगू शकते. किती आहेत ते नाही सांगू शकत. त्या दरवर्षी बसत नाहीत, हे तुझ्या बायकोने शोधून काढलं. एका वर्षाची गणती धरायचीच नाही. दोन-तीन वर्षं घरं उभी ठेवून बघावं लागेल, तेव्हा कुठे कळेल."

"अगं, पण तो माणूस आज उत्तर मागतोय! माहीत नाही, हे काय उत्तर झालं?"

"मग चुकीचा आकडा देऊ? आजवर दिला तेवढा पुरे नाही झाला?"

आयलिफ स्टुलावर टेकला. आईच्या तोंडून 'माहीत नाही' हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. शेवटी तो तोर्डिसकडे वळला. तिचे सोलवटलेले हात त्याच्या आत्ता लक्षात आले.

"तुझं काय म्हणणं आहे?"

हे तिला या घरात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"राहू या," ती म्हणाली.

"आणि पुढच्या वर्षी नाही आल्या तर? हे पैसे पुन्हा मिळायचे नाहीत."

"तर मी चुकले असेन. मग मला बोल लाव. पण आत्ता गेलो तर त्या येतील आणि इथे कुणीच नसेल. ते मला सहन व्हायचं नाही, आयलिफ."

त्याने पुन्हा एकदा तिच्या हातांकडे पाहिलं. मग टोपी घालून बाहेर गेला. तोर्डिस खिडकीशी उभी राहिली. दोघं धक्क्यावर बोलत होते. कचेरीतल्या माणसाने बेटाकडे हात केला, खांदे उडवले. आयलिफने मान हलवली, नाही, नाही अशी. मग माणूस आपल्या होडीत बसला आणि गेला.

"गेला?" पेट्रीनाने विचारलं.

"गेला."

"मग उभी काय राहिलीस? शाल दे मला. वाळली नसेल तरी दे."

"शाल कशाला, आई?"

म्हातारी हातांवर जोर देऊन उठायला बघत होती. "आज योन्सोक आहे ना? शेजारी एडवार्टच्या बेटावर होळी रचून तयार असेल. त्याच्या बायकोनेही रिकामी घरं पाडली असतील. तिला कुणी शिकवलं? मी. आणि तिकडे दक्षिणेच्या बेटावर? तिथेही मीच. यंदाचा हिवाळा त्यांच्या बायांनाही तोच होता."

आयलिफ दारात आला होता. "आई, वेडी झालीस का? त्या खुब्याने होडीत? उद्या मी जाऊन सांगतो."

"उद्या काय सांगणार, राख झाल्यावर? आणि तुझं कोण ऐकणार? मी शिकवलंय, मीच जाऊन सांगायला हवं की माझं चुकलं. ओरडले तर ओरडू दे. गादीसकट उचला मला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दूरच्या एका बेटावरून धुराची बारीक रेघ वर चढायला लागली होती. आयलिफने गादीचं डोक्याकडचं टोक धरलं, तोर्डिसने पायाकडचं. दारातून वळवताना म्हातारी वेदनेने किंचाळली, मग दात आवळून म्हणाली, "थांबू नका रे, चला."